निवड वर्गाचं पत्र

लातूरला आल्यापासून मला दुपारची एक गुंगी येते. खानावळीतल्या पोरी दीडच्या सुमारास जेवून क्लासला जातात. जिन्यावरचा त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली उतरत गल्लीत विरतो आणि मग तीन खोल्यांत फक्त पालथ्या घातलेल्या ताटांचं पाणी निथळत राहतं. मागच्या बाजूला कुठंतरी डाळमिल चालते. तिची घरघर कानाच्या इतकी सवयीची झाली आहे की ऐकूच येत नाही. तुरीच्या फोलाचा कोरडा, गोडसर वास तेवढा खिडकीतून येत राहतो. मी पिठाच्या पिंपाला पाठ टेकून बसते. झोप लागत नाही, जागही राहत नाही, आणि त्या मधल्या जागेत मला माझी शाळा दिसते.

किनवटाच्या पलीकडं, सागाच्या रानाला लागून. दोन खोल्या आणि पुढं सारवलेला ओटा. गुरुजी हजेरी घेत असतात. एकेक नंबर पुढं सरकतो, मी 'हजर' म्हणायला तोंड उघडून बसलेली असते, आणि माझा नंबर यायच्या आत कुणीतरी म्हणतं, "मावशी, चहा हाय का?"

माझी शाळा कशी सुटली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला कुणी शाळेतून काढलं नाही. कुणी मारलं नाही, रागावलं नाही. सातवीचा निकाल लागला, मी पास झाले, आणि थोरली बहीण बाळंतपणाला आली. "चार दिस लेकराला सांभाळ, मग जाय आठवीत," आई म्हणाली. चार दिवसांचे पंधरा झाले. मग पेरणी आली. मग कुणीतरी सांगितलं की आठवीची पुस्तकं वाटून संपली. आमच्या घरात त्याबद्दल एक वाक्यसुद्धा बोललं गेलं नसेल. चालता चालता ओढणी खांद्यावरून घसरावी आणि घर आल्यावर कळावं, तशी माझी शाळा सुटली.

म्हणून लेकीच्या बाबतीत एक गोष्ट ठरवायची वेळ आली तेव्हा मी एवढी घाबरले. ठरवताना माणसं काय करतात, कशी बसतात, काय बोलतात, हे मी पाहिलंच नव्हतं.

लातूरच्या आधी आम्ही नांदेडला सात वर्षं होतो. नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा, मी चार घरी पोळ्या लाटायची. सात वर्षांत चार खोल्या बदलल्या; दर वेळी घरमालकाचा कुणीतरी पुतण्या लग्न करायचा आणि त्याला आमचीच खोली लागायची. लेक मात्र एकाच शाळेत राहिली. ती चौथी झाली त्या वर्षी शाळेनं परीक्षा घेतली, चाळीस पोरं निवडली आणि पाचवीचा एक 'विशेष वर्ग' काढला. साध्या वर्गापेक्षा दोन तास जास्त, शिकवायला वेगळे सर. यादीत तिचं नाव होतं. मला ते सरांनीच फाटकाशी थांबवून सांगितलं. "ताई, तुमची मुलगी फार पुढची आहे हो." माझ्या कोपरापर्यंत कणीक वाळलेली होती, ती मी पदराखाली लपवली. घरी जायच्या ऐवजी गोदावरीवर गेले आणि पायरीवर बसून राहिले. आभार नेमके कुणाचे मानायचे ते कळेना, म्हणून समोर होतं त्या पाण्याला हात जोडले आणि उठले.

तिची पाचवी संपता संपता नवऱ्याला लातूरच्या एका डाळमिलमध्ये मशीनवर कायमचं काम मिळालं. पाठीवर पोतं घ्यायचं नाही, नुसती डाळ कशी पडते ते बघायचं. असं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. जिल्हा बदलणार, शाळा बदलणार. निघताना सरांनी लेकीला शाळेच्या कागदावर पत्र दिलं: ही विद्यार्थिनी आमच्या विशेष वर्गात होती, हिची प्रगती उत्तम आहे, हिला तशाच वर्गात जागा मिळावी. खाली निळ्या शाईची सही.

ते पत्र मी त्याच दिवशी लॅमिनेट करून आणलं. सोबत शाळा सोडल्याचा दाखलाही. कारण माझा स्वतःचा सातवीचा दाखला आईनं पेटीत घडी करून ठेवला होता, आणि रेशनकार्डाच्या वेळी उघडला तर घडीघडीवर तुटून त्याचे चार तुकडे हातात आले. माझं नाव एका तुकड्यावर, जन्मतारीख दुसऱ्यावर. लेकीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. दुकानातून गरम गरम, चकचकीत होऊन बाहेर आलेला तो कागद मी छातीशी धरून आणला. नवऱ्यानं तो उन्हाकडं धरून बघितला.

"आता पुरात वाहून गेली तरी पोर हुशारच राहील," तो म्हणाला.

लातूरला मला काम मिळालं ते अक्काकडं. अक्का मूळची उदगीरची. तिच्या माहेरी कानडी बोलतात, म्हणून सगळा वाडा, सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला भस्माची तीन बोटं, आणि तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. क्लासला आलेल्या तीस पोरींची खानावळ ती चालवते. आम्हाला राहायला मागची खोली तिनंच दिली. "पुतण्या हाय का तुम्हाला?" मी पहिल्या दिवशी विचारलं. तिला काही कळलं नाही. "हाय की. पुण्यात. कामून?" म्हणाली. "काही न्हाई," मी म्हणाले.

माझं 'काहून' आणि 'करून राहिले' ऐकून ती हसायची. "काय करून राहिली गं? करून राहिली म्हणे! किती राहशील? करलाले म्हन की सरळ." पण हसता हसता ती मला वाढून द्यायची, आणि मी जेवले का नाही हे विचारणारं माणूस मला परमुलखात मिळालं होतं.

शाळा अक्कानंच दाखवली. तिथल्या मुख्याध्यापिका मॅडमनी दाखला बघितला, लेकीकडं बघितलं, आणि सरांचं पत्र दोनदा वाचलं.

"आमच्याकडे याला निवड वर्ग म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "परीक्षा एप्रिलमध्येच झाली. पण एक मुलगा गावी परत गेलाय, एक जागा आहे. अर्ज करा, हे पत्र जोडा, आम्ही तिची छोटी परीक्षा घेऊ. आठ दिवस थांबते मी. तोवर ती 'क' तुकडीत बसेल. नकोच असेल तर तीच तुकडी कायम."

एक जागा, आठ दिवस.

कार्यालयातल्या क्लार्कनं पत्र हातात घेतलं आणि उलटंसुलटं केलं. नखानं टकटक वाजवलं.

"बाई, हे काय करून आणलंत? यावर आमचा आवक नंबर कुठं लिहू? शिक्का कुठं मारू? प्लास्टिकवर शाई धरत नाही."

"खराब होऊ नये म्हणून…"

"देवाचा फोटो आहे का हा? दाखल्याचं मी झेरॉक्सवर चालवून घेतो. पत्र मात्र मूळ लागतं, मोकळं."

घरी येऊन मी रडायच्या बेतात होते. अक्कानं चष्मा चढवून पत्र तपासलं आणि निकाल दिला. "प्लास्टिकच हाय की. इस्त्री फिरव, सुटंल."

आम्ही त्यावर धोतराचा जुना तुकडा टाकला आणि इस्त्री फिरवली. एक कोपरा सुटला. अक्कानं तो चिमटीत धरला आणि दमानं, फार दमानं ओढला. प्लास्टिक निघालं. त्याच्याबरोबर छापलेली सगळी अक्षरंही निघाली. शाळेचं नाव, लेकीचं नाव, 'प्रगती उत्तम', सगळं त्या पातळ कातड्यावर उलटं चिकटून आलं आणि कागदावर सरांची निळी सही तेवढी राहिली.

जेवायला बसलेल्या पोरी उठून बघायला आल्या. कुणी हसली, कुणीतरी तिला कोपर मारलं.

"बघ की," अक्का म्हणाली, "सही हाय, मजकूर न्हाई. आता तुला पायजे ते लिही वर."

मीही हसले. हसता हसता मला तिथंच खाली बसावं लागलं.

आता नांदेडला जाऊन नवं पत्र आणायचं, किंवा सोडून द्यायचं. ते आठ दिवस मला धुरातून बघितल्यासारखे आठवतात. मी पोळ्या लाटत असायची आणि हातातली पोळी कधी तव्यावर गेली, कधी फुगली, मला पत्ता नसायचा. लेक 'क' तुकडीत जायची, यायची. कशी आहे शाळा, म्हटलं की "चांगली हाय," म्हणायची. ती लहानपणापासून असंच एका शब्दात बोलते. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून वहीत गणितं सोडवायची आणि सुटलं की पेन्सिल दातांत धरून आकाशाकडं बघायची.

प्रत्येकाला काही ना काही वाटत होतं.

अक्काला वाटायचं, जायलाच पाहिजे. "आगं, हे लातूर हाय. इथं पोराला पाळण्यात टाकायच्या आधी क्लासमधी टाकतात. लोक लांबून लांबून लेकरं आणून सोडलालेत माझ्या दारात, आणि तू घरी चालून आलेलं सोडतीस? येडी का खुळी?"

नवऱ्याला एका दिवशी वाटायचं, "बसलीय तिथं बसू दे पोरगी, दमली असंल." दुसऱ्या दिवशी मिलमधून यायचा, भुवयांवर डाळीची पिवळी पूड, आणि म्हणायचा, "पण मॅडम स्वतःहून म्हनल्या तर…" आणि मग माझ्याकडं बघून, "तू शिकलेली हायस. तू बघ." तो चौथीत शाळा सोडलेला. आमच्या घरात सातवी म्हणजे मीच सगळ्यात शिकलेली.

खानावळीत एक चष्मेवाली पोरगी होती. डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. ती सगळ्यांत शेवटी जेवायला यायची, तेव्हा आम्ही दोघीच असायचो. एक दिवस तिला विचारलं.

"तू होतीस का गं अशा हुशार वर्गात?"

"मी पहिलीपासून 'अ' तुकडीत, मावशी. कायम."

"मग चांगलं असतं का?"

तिनं वरणभात कालवला. कालवत राहिली. "चांगलंच असतं. शिकवतात लई छान. खोटं कशाला बोलू? फक्त एकदा कुठल्या यादीत नाव आलं न्हाई ना, तर घरी जायला पाय उचलत न्हाईत." ती मागच्या दिवाळीला गावी गेली नव्हती, हे मला अक्कानं नंतर सांगितलं. "वाढा ना अजून भात," ती म्हणाली. मी वाढला.

तिच्या त्या बोलण्यानं मी घाबरले, आणि अक्काच्या बोलण्यानंही घाबरले. पाठवलं आणि पोर सुकून गेली तर? नाही पाठवलं आणि तिची शाळा माझ्यासारखीच, कुणी काही न बोलता, हळूहळू घसरत गेली तर?

सहाव्या दिवशी अक्कानं पोळ्यांना दुसरी बाई लावली आणि मला सुट्टी दिली. मी लेकीला घेऊन पहिल्या एसटीनं नांदेडला निघाले. काही नाही तरी पत्र हातात असावं, एवढंच तेव्हा मनात होतं.

ढगाळ होतं. पाऊस नव्हता, नुसतं पांढुरकं आभाळ खाली आलेलं. चाकूर गेलं, शिरूर गेलं. दोन्ही बाजूंनी सोयाबीनची कोवळी पानं, वीतभर, आणि त्यात वाकलेल्या बायकांच्या रंगीत पाठी. गाडी हलत होती आणि लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मला वाटत होतं आपण पुढं जातच नाही, शेतंच मागं सरकतायत. आपण जागच्या जागी आहोत आणि लातूर, अहमदपूर, लोहा ही गावं कुणीतरी एकेक करून आपल्या खिडकीशी आणून धरतंय, हे बघ, हे पाहिजे का, आणि आपण नको म्हटलं की घेऊन जातंय. असं बघत बसले तर नांदेड कधी आलं कळलं नाही.

शाळेच्या आवारात लेक नळापाशीच थांबली.

"वर चल की. तुझ्या वर्गातली पोरं असतील," मी म्हणाले.

"तू जा. मी इथंच हाय."

सर मला ओळखून उठले. पत्राची हकीगत ऐकून हसले, पण चांगलं हसले. "अहो ताई, आमच्या आईनं माझी पदवी अशीच चिकटवून ठेवलीय," म्हणाले आणि नवं पत्र टाइप करायला बसले. छपाईचं यंत्र गरम व्हायला वेळ घेत होतं. सर खिडकीतून खाली बघत होते. नळाशी उभी असलेली लेक एका पायानं मातीत काहीतरी काढत होती.

"वर येत नाही का ती?"

"न्हाई म्हणते."

सर खिडकीपासून माझ्याकडं वळले. "तिनं तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय?"

"जानेवारीत तिनं मला एक अर्ज आणून दिला होता. स्वतःच लिहिलेला. 'मला साध्या तुकडीत बसवावे ही विनंती.' खाली 'आपली आज्ञाधारक' आणि सही. मी म्हटलं, पोर रुसलंय कशावर तरी, आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला. तुम्हाला बोलवायला हवं होतं मी." ते खरंच ओशाळले होते. "पण चाळीसांतली तिसरी-चौथी मुलगी हो. अशी सोडवते का मास्तराला?"

"का म्हणून लिहिलं होतं तिनं?"

"कारण नव्हतंच लिहिलं."

यंत्रातून पत्र बाहेर आलं. सरांनी सही केली, फुंकर मारून वाळवली. मी ते घेतलं, त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरले. "असं नका करू, ताई," म्हणाले. मला त्या माणसाचा राग आला नाही, आजही येत नाही. माझ्या लेकीला पुढची म्हणणारं तेच पहिलं माणूस.

परतीच्या गाडीत लोहा गेलं, माळाकोळी गेली. मला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं: माझ्या पोरीनं एवढं मोठं काही ठरवलं, कागदावर लिहिलं, नेऊन दिलं, आणि त्या वेळी मी कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटत होते. अहमदपूरला गाडी थांबली. खिडकीशी पेरूवाली आली. दोन घेतले, तिखट-मीठ लावून. अर्धा खाऊन झाल्यावर विचारलं.

"सरांला अर्ज दिला होतास तू?"

ती पेरू चावत राहिली. "हाव."

"काहून गं?"

"तिथं दर शनिवारी दप्तर उचलायला लागतं."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. दर शुक्रवारी परीक्षा. शनिवारी सकाळी सर नंबर वाचायचे. पहिला नंबर खिडकीजवळ पहिल्या बाकावर, मग दुसरा, मग तिसरा, असं शेवटपर्यंत. सगळ्यांनी उठायचं, दप्तरं उचलायची आणि आपापल्या नंबरावर जाऊन बसायचं. नांदेडला तसंच करतात, पोरं ईर्ष्येनं अभ्यास करतात म्हणून.

"एक आठवडा दोनवर, मग सातवर, मग चारवर. बाजूची पोरगी दर वेळी दुसरीच," लेक म्हणाली.

"नंबर खाली गेला की वाईट वाटायचं का?"

"तसं न्हाई गं." तिला माझ्या ढ डोक्याची जराशी कीव आल्यासारखी वाटली. "एकवर आले तरी उचलायलाच लागतं ना."

मी खिडकीबाहेर बघितलं. चार खोल्या. दर वेळी तीच पेटी, तोच पत्र्याचा डबा, गादीची तीच वळकटी, आणि पुढं पुढं चालणारी ही, हातात माठ धरून, कारण माठ फुटू नये म्हणून तो कायम तिच्याकडं द्यायचो. मला वाटायचं, लेकरांना काय, गंमत वाटते.

"मग आता इथं कसं करायचं? निवड वर्गात जायचं का न्हाई?"

"गणितं चांगली असतात तसल्या वर्गात."

"मग जायचं?"

"मला काय माहीत."

मी तिच्याकडं वळले. मनात फार दिवसांपासून होतं ते सगळं एकदम बोलले. म्हटलं, "हे बघ माय, तू ठरव. तुझ्या मनावर हाय. मला कधी कुणी विचारलं न्हाई. मी तुला विचारून राहिले. तू म्हणशील तसं."

मला वाटलं, मी तिला केवढी मोठी गोष्ट देऊन राहिले. ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली, तिखटानं ओठ लाल झालेले.

"आई," ती म्हणाली, "मी अकरा वर्षांची हाय. तूच ठरव ना."

आणि पेरूचं राहिलेलं टोक माझ्या हातात देऊन तिनं परत माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. दोन मिनिटांत तिला गाढ झोप लागली. श्वास असा संथ चाललेला, जसं काही तिच्याकडचं काम संपलं होतं.

गाडी चालत राहिली. उन्हं कलली, ढगांच्या खालून एक पिवळट उजेड शेतांवर पसरला आणि सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायला लागलं. झाडं, विजेचे खांब, बांधावरून सायकल ढकलत चाललेला कुणी एक माणूस. त्या उजेडात मला भीती वाटत होती आणि वाटत नव्हतीही. मी नुसती तिच्या केसांवर हात ठेवून बसले होते. लातूर यायच्या थोडं आधी माझ्या लक्षात आलं की ठरलं आहे. कधी ठरलं ते सांगता येणार नाही. पण या वेळी ते माझ्या हातून ठरलं होतं आणि ते मला तोंडानं बोलावं लागणार होतं.

सातव्या दिवशी मी मॅडमकडं गेले. पिशवीत नवं पत्र होतं, न दुमडता.

"आणलंत? छान," त्या म्हणाल्या.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या निवड वर्गात पोरांच्या जागा बदलतात का?"

"जागा? हो, प्रत्येक चाचणीनंतर, गुणांप्रमाणे. का?"

"आणि 'क' तुकडीत?"

"तिथं कोण बदलतंय. जूनमध्ये बसली तिथंच मार्चपर्यंत."

"सहावीनंतर परत परीक्षा असते का, त्या वर्गाची?"

"एप्रिलमध्ये असते. शाळेतल्या कुणालाही देता येते. पण ताई, एक वर्ष जाईल. त्या मुलांच्या मागं पडेल ती."

"पडंल थोडी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "यंदा राहू द्या. ती 'क' मधीच बसंल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "लोक या जागेसाठी माझ्या घरी येऊन बसतात, माहिती आहे?"

"हाव मॅडम. तुमचे उपकार हायेत." ते मी मनापासून म्हणाले.

"मग लिहून द्या. उद्या म्हणाल शाळेनंच घेतलं नाही."

त्यांनी कोरा कागद पुढं केला. मी सातवीनंतर सह्या केल्या होत्या, किराण्याच्या याद्या लिहिल्या होत्या, अर्ज कधी लिहिला नव्हता. बाहेरच्या बाकावर बसून लिहिला. दोनदा खोडलं. माझी मुलगी आपल्या शाळेत सहावी 'क' मध्ये शिकते, तिला निवड वर्गात जागा मिळत असून मी या वर्षी ती घेत नाही, असं लिहिलं. कारण लिहायलाच हवं होतं का, कोण जाणे, पण लेकीनं तिच्या अर्जात लिहिलं नव्हतं, तर आपण लिहावं असं वाटलं. लिहिलं, 'तिला एक वर्ष एका जागी बसायचे आहे.'

मॅडमनी ते वाचलं. वर माझ्याकडं बघितलं. कागद फाइलला लावला.

खानावळीत येऊन सांगितलं तर अक्का दिवसभर माझ्याशी नीट बोलली नाही. "करून राहिली, करून राहिली, आणि हे केलंस!" एवढंच म्हणाली. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. चष्मेवाली पोरगी ते तसंच जेवली. नवऱ्यानं ऐकलं आणि बराच वेळ भुवया पुसत राहिला. "तू म्हनतीस तर बरोबरच असंल," म्हणाला. बरोबर आहे की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आता, तुरी काढणीला आल्या तरी माहीत नाही. निवड वर्गाची पोरं शाळेतून तासभर उशिरा सुटतात. त्यांची रांग गल्लीतून जाते तेव्हा मी लाटणं थांबवून बघते. एप्रिल यायचा आहे.

लेकीला मी त्या संध्याकाळीच सांगितलं. ती उंबऱ्यावर गणित करत होती.

"तू 'क' मधीच राहशील यंदा. मी ठरवलंय."

"बरं," ती म्हणाली.

मी वाट बघत उभी राहिले. तिनं बेरीज पुरी केली, खाली रेघ मारली, पेन्सिल दातांत धरली. मग ती काढून म्हणाली, "मग आई, मी कंपासपेटी बाकातच ठेवून येऊ का? दरोज न्यायला-आणायला नको."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कुणीतरी नेईल.

"ठेव," मी म्हणाले. "नाव टाक तिच्यावर."